हवा मोजणारी डबी आणि सासूबाई

या, असे जवळ सरकून बसा. एका जावयाची आणि त्याच्या गाडीची गोष्ट सांगतो. हसा खुशाल, पण शेवटपर्यंत ऐका.

गाडी वीस वर्षांची, पण जावयाचा तोरा असा, की दारात जणू पुष्पक विमानच उभं! "गाडीचं दुखणं मी नुसत्या कानानं ओळखतो," असं तो भेटेल त्याला सांगे. सासूबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे आलेल्या. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू. पट्टी काढायला अकराला बोलावलेलं, आणि दुपारी डॉक्टर आठवडाभर परगावी जाणार.

जावई छातीठोकपणे म्हणाला, "आई, टॅक्सी कशाला? मी आहे ना!"

दहा वाजता त्यानं गाडी सुरू केली. झकास! बायको पुढे बसली. झकास! सासूबाई चाचपडत मागे बसल्या, धाडकन दार लावलं, आणि इंजिन एकदा खोकून गप्प!

"आई, जरा उतरा बरं." उतरल्या. गाडी सुरू झाली. "आता बसा." बसल्या. धाड! गप्प!

जावयानं बॉनेट उघडलं, कान टवकारले आणि जन्मात करू नये ते निदान केलं.

"आई, राग मानू नका. गाडीला तुम्ही मानवत नाही."

"अहो!" बायको कडाडली.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मी बसनं जाते, जावईबापू. रस्ता कुणीतरी पार करून देईल." आणि चाचपडत फाटकाकडे निघाल्या.

"आई बसनं गेली, तर मीही तिच्याबरोबर जाईन," बायको म्हणाली. "ते माहेरीच!"

जावयाचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा! धावत जाऊन त्यानं कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला ओढून आणलं.

सगळं ऐकून मेकॅनिक म्हणाला, "कोण बसतं ते राहू द्या. बसताना काय होतं?"

"काय होणार? दार लावतात."

"जोरात?"

"दिसत नाही रे बाबा," फाटकातून सासूबाई म्हणाल्या. "लागलं की नाही कळत नाही, म्हणून आपटते."

मेकॅनिक हसला. एअर फिल्टरपुढच्या नळीवर एक काळी डबी होती. "हा सेन्सर. इंजिनात हवा किती जाते ते मोजतो, त्यावर पेट्रोल ठरतं." इंजिन चालू ठेवून त्यानं स्क्रूड्रायव्हरची मूठ डबीवर हळूच आपटली. गप्प!

"आतला जोड सुटलाय. हादरा बसला की काहीबाही सांगतो." त्यानं डबीची वायर काढून ठेवली. "नवा मिळेपर्यंत इंजिन अंदाजपंचे चालेल, पण चालेल. साहेब, या माउलीनं दोनदा दुखण्यावर बोट ठेवलं, आणि तुम्ही तिलाच दुखणं ठरवलंत!"

जावयानं हात जोडले. "आई, चुकलो."

"चुकलात ते चुकलात. चला आधी, अकरा वाजतील!" जावयानं गाडी सुरू केली, त्या बसल्या. धाड! इंजिन चालूच! अकराला पाच मिनिटं असताना दवाखाना गाठला.

पट्टी निघाली. सासूबाई बाहेर आल्या आणि गाडीपाशी थबकल्या. गंजकी दारं, दोरीनं बांधलेला बंपर.

"अगं बाई! एवढी म्हातारी? आणि हिला मी आपटत होते?"

पुढे नवा सेन्सर बसला. पण सासूबाई आता दार असं लावतात, जसं झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं. अर्थात ते लागत नाही. मग जावई उतरतो, वळसा घालून मागे येतो, आणि स्वतःच धाड!

देव तुमच्या गाड्या चालत्या ठेवो. पण एखादी अडलीच, तर घरच्या माणसाला बोल लावण्याआधी त्या माउलीची आठवण तेवढी ठेवा.