काकांचं मिरॅक्युलसली

मुलांनो, आमच्या हेंद्रेपाड्याच्या इमारतीत सकाळी नळाला पाणी आलं, की समोरच्या दारातून आरोळी यायची, "मिरॅक्युलसली पाणी आलं!" पाणी रोजच येतं. पण त्या समोरच्या कांबळेकाकांच्या लेखी जगात काहीच नेहमीसारखं घडत नाही.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथल्या साहेबाकडून त्यांनी हा शब्द उचलला आणि निवृत्त होताना घरी आणला. रिक्षा मिळाली, मिरॅक्युलसली. डाळ करपली नाही, मिरॅक्युलसली. एकदा उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये शिवलेली पँट बरोबर बसली, तर त्यांनी सिंधी टेलरलाही तेच ऐकवलं. तो दुखावला. "काका, मिरॅकल कायका? माप मैंने लिया ना!"

सगळ्यात जास्त वैतागायच्या त्यांच्या पत्नी, वनमालाताई. "अहो, आपलं बौद्धाचं घर. आपण चमत्कार मानत नाही, आणि तुमचं उठल्यापासून तेच!"

"अगं, मी कुठे देवाचं नाव घेतलं? भाकरी फुगली, एवढंच म्हणालो."

"ती मी भाजलीय!"

"तेच तर म्हणतोय!"

दुपारचा चहा मात्र काकांनी करायचा आणि दोघांनी गॅलरीत बसून प्यायचा, हा त्यांचा नेम.

गेल्या वर्षी वनमालाताई गेल्या, आणि तो शब्दही गेला. पाणी यायचं, काका मुकाट्याने बादली लावायचे. पुण्याचा मुलगा न्यायला आला. "बाबा, इथे बोलणार कोणाशी?" काका "बघू" म्हणाले. आता हे जाणार, असं मी धरूनच चालले होते.

मग एका दुपारी बेल वाजली. दारात काका. हातात ट्रे, ट्रेमध्ये दोन कप. त्यातला निळ्या फुलांचा वनमालाताईंचा.

"ताई," ते ट्रेकडेच बघत म्हणाले, "मिरॅक्युलसली... एक कप जास्तच झाला."

माझा चहा घड्याळाबरहुकूम होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तो पिऊन, कप धुऊन मी पालथाही घातला होता.

"मिरॅक्युलसली माझा आज राहिलाच होता," मी म्हणाले आणि गॅलरीत दुसरी खुर्ची ओढली.

तेव्हापासून त्यांच्याकडे रोज एक कप जास्त होतो. मी माझा दुपारचा चहा बंद केला आहे. पुण्याचा विषय त्यांनी अजून काढलेला नाही.