आक्काबाईंच्या वरणावरील आरोप

सिल्वासातील समस्त गुप्तचरांत ज्याचा क्रमांक निःसंशय पहिला लागावा, असा पुरुष म्हणजे झिपरू. दुसरा गुप्तचर सिल्वासात नव्हता, ही बाब येथे गौण आहे. जवळच्या सायली गावातील एका रंगाच्या कारखान्यात तो दिवसपाळीचा वॉचमन होता. फाटकातून येणाऱ्याच्या चालीवरून तो त्याचा तालुका ओळखी. आणि तालुका चुकल्यास त्या माणसालाच खोटारडा ठरवी.

सन १९९६ च्या भाद्रपदात त्याच्यापुढे एक भीषण प्रकरण उभे ठाकले. त्याच्या चाळीतील बारकू व त्याचे दोन खोलीसोबती, तिघेही त्याच कारखान्यातले कामगार, तापाने फणफणले. पोटऱ्यांना हात लावू देईनात आणि डोळे तर पिवळेजर्द! तिघेही जेवत आक्काबाईंच्या खानावळीत. चाळमालक नारायणशेठ यांनी तत्काळ निकाल दिला, की ही विषबाधा होय. उद्या संध्याकाळपर्यंत खानावळीची जागा खाली व्हावी.

आक्काबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "बारा वर्षं झाली भाऊ या चुलीवर. आता भांडी डोक्यावर घेऊन जाऊ कुठं?"

"निश्चिंत असा," झिपरू धीरगंभीर स्वरात उद्गारला. "अपराधी माझ्या हातून सुटणार नाही. मग त्या तुम्ही असलात तरी!"

त्याने आपला सहायक काळू, जो बॉयलरवर कामाला होता, त्यास एकीकडे नेले. "डोळे पिवळे. वरणही पिवळे. हळद, काळू, हळद!"

"मंग लिंबालाबी पकड ना," काळू म्हणाला. "आन् तू रोज दोन वाट्या वरपतोस, तुला काय झालं?"

"मी सावधपणे खातो."

"तीस लोकं जेवतात तिथं. तिघंच पडले."

"सत्तावीस वाचले, हेच कटाचे लक्षण! विष मोजून घातले आहे."

काळूने कपाळावर हात मारला आणि तो सायकल काढून कोठेतरी निघून गेला. सहायकाने मैदान सोडल्यावर झिपरूच्या बुद्धीस अधिकच धार चढली. वरण निर्दोष असेल, तर उरतो कारखान्याचा पिवळा रंग! त्याने बारकूची खोली गाठली, रुमाल भिजवला, त्याची पापणी वर ओढली आणि डोळा पुसण्यास आरंभ केला.

"अरे भो, मी मरी राहिलो अन् तू डोळा काय धुतोस!" बारकू कळवळला.

"रंग सुटत नाही. पक्का आहे," झिपरूने नोंद केली.

"व्हा बाजूला!" दारातून आवाज आला. काळूने सरकारी दवाखान्यातील मालती सिस्टरना आणले होते. बाई मूळच्या रत्नागिरीच्या. बोलणे थोडके आणि सडेतोड. त्यांनी एकवार डोळे पाहिले, पोटरी दाबली, आणि मग तिघांचे तळपाय पाहिले. भेगाच भेगा.

"कामाला कुठून जाता रे?"

"भाताच्या शेतातून. रस्त्यानं लांब पडतं."

"अनवाणी? कंपनीने गमबूट दिले होते ना?"

 बारकूने खाटेखालील ट्रंकेकडे बोट केले. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन जोड होते, कोरे करकरीत. "दिवाळीले गावी नेऊ म्हटलं. बाप रातदिन चिखलात राहतो."

सिस्टरचा आवाज जरा खाली आला. "शेतातले उंदीर त्या पाण्यात मुततात. त्यातले जंतू भेगांतून अंगात शिरतात. हा लेप्टोस्पायरोसिस दिसतोय. आत्ताच दवाखान्यात चला, वेळेत इंजेक्शनं मिळाली तर बरे व्हाल."

झिपरूने वही उघडली. "संशयिताचे पूर्ण नाव सांगा. राहणार कोणत्या गावचा?"

"बांधावरच्या बिळात," सिस्टर म्हणाल्या. "जा, अटक करून आणा."

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांची चिठ्ठी आली. रोग तोच होता. अन्नाचा दोष नव्हता. तिघांनाही उतार पडत होता. नारायणशेठांनी ती दोनदा वाचली, खाकरले आणि आपला हुकूम मागे घेतला.

त्याच संध्याकाळी आक्काबाईंनी चुलीशेजारून नवा कायदा पुकारला: ज्याच्या पायात गमबूट नाहीत, त्याला उंबऱ्याच्या आत ताट नाही. सव्वीस माणसे बूट धपधप वाजवत आत शिरली. झिपरू मात्र दारातच थबकला.

"तुमचे बूट कुठं हो?" आक्काबाईंनी विचारले.

झिपरूने आवाज अगदी खाली आणला. "मेहुण्याला दिले. मागल्याच दिवाळीत."

आक्काबाईंनी त्याचे ताट बाहेर पायरीवर सरकवले, वर वरणाची एक वाटी जास्त ठेवली. झिपरू मांडी घालून बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःहून सांगू लागला, की खरा गुप्तचर नेहमी दाराबाहेरच जेवतो. तेथून सर्वांवर नजर राहते.