मोघे काकांची काळी पट्टी

आमच्या वरच्या मजल्यावरचे मोघे काका घरात आले की माणसांच्या आधी मोबाइलची तब्येत विचारतात. टेबलावरचा फोन उचलतात, पालथा करतात, त्याच्या पाठीवर हात ठेवतात आणि गंभीरपणे मला म्हणतात, "भिया, याला बुखार आहे."

काका बँकेतून रिटायर झालेले. अलीकडे त्यांच्या पिशवीत कात्री, चिमटा आणि ग्रॅफाइटच्या फिल्मची गुंडाळी असते. काळी, चकचकीत, कागदाहून पातळ.

"ही थंड नाही करत," ते बजावतात. "एका जागची गरमी चारी बाजूला फैलवते, बस. पोहे परातीत पसरले की निवतात की नाही?"

आमच्या वायफायच्या डब्याला पट्टी, टीव्हीच्या डब्याला पट्टी. एकदा मिक्सरलाही लावायला निघाले होते. माझी बायको म्हणाली, "काका, आधी चटणी तर होऊ द्या!"

परवा मी चहा टाकायला आत गेलो, तेवढ्यात त्यांनी माझ्या फोनचं झाकण उघडून पट्टी चिकटवलीसुद्धा. फोन गार झाला, हे खरं. पार गार. टावर चौकातल्या रिपेअरवाल्यानं तो उघडला आणि हसला, "मोघे साहब का पेशंट है क्या?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भांडायलाच वर गेलो. काकू खुर्चीत बसून टॅबलेटवर ग्वाल्हेरच्या बहिणीशी बोलत होत्या. लकव्यानंतर त्यांची डावी बाजू बधिरच राहिली आहे. समोर काका पेपर धरून बसले होते.

"काका, एवढं काय आहे हो त्या पट्टीत?" मी तावातावानं विचारलं.

काकांनी उठून काकूंचा डावा तळवा उलगडून दाखवला. मधोमध भाजल्याचा गुळगुळीत डाग होता.

"मागच्या उन्हाळ्यातला. दोन तास बोलत होती. टॅबलेट तापला, हिला कळलंच नाही." त्यांनी तळवा अलगद मिटला. "मी इथंच पेपर वाचत होतो, भिया."

आणि चहा ठेवायला आत गेले.

बहिणीला "थांब गं जरा" म्हणून काकूंनी मला जवळ बोलावलं. "सारखे उठून टॅबलेटला हात लावून बघतात. म्हणून मीच मधूनमधून सांगते, गार आहे हो."

"पण तुम्हाला कळतं?"

"कुठलं कळतंय!" काकू हसल्या. "पण तेवढं ऐकलं की एखादं पान तरी वाचून होतं त्यांचं."