नववी पुरी

संकल्प करावा तर जीवरामभाऊंसारखा! एक्याण्णव सालच्या एक जानेवारीला पिंप्राळ्यातल्या त्यांच्या कॉलनीत सकाळी आठच्या आत सगळ्यांचे संकल्प जाहीर झाले आणि संध्याकाळपर्यंत बहुतेकांचे मोडलेही. समोरच्या धनसिंगभाऊंनी तंबाखू जन्माची सोडली होती. दिवेलागणीला तेच ओट्यावर बसून डाव्या तळव्यावर उजवा अंगठा फिरवत होते. जीवरामभाऊ त्यांच्याकडे बघून मिशीत हसले. असल्या लांब उड्या मारणारा माणूस तो नव्हेच! त्यांनी पेपरच्या रविवारच्या पुरवणीत वाचलं होतं, की सवय मोडायची तर चिमूट चिमूट मोडावी, तिला पत्तासुद्धा लागू देऊ नये.

"मी एक पोळी कमी खाणार," त्यांनी बायकोला सांगितलं.

"आज?"

"रोज! पोळी असेल तर एक पोळी, भाकरी असेल तर चतकोर, पुरी असेल तर एक पुरी. बस्स! वर्षभरानं बघ मंदा, या पॅन्टचं बटण आपणहून लागेल."

मंदाताईंनी त्यांच्या पोटाकडे एकवार नीट पाहिलं. "कोणत्या वर्षी म्हणालात?"

पण थट्टा बाजूला, संकल्प चालला हो! एक दिवस, चार दिवस, संक्रांतीच्या पोळ्यांपुढेही टिकला. जीवरामभाऊ ऑफिसात टेबलाटेबलाशी जाऊन न विचारता सल्ला देऊ लागले. आणि मग संक्रांतीनंतरच्या रविवारी सासुरवाडीहून भरीत-पुरीचं बोलावणं आलं.

सासुरवाडी रावेरकडची, घरची केळी. थंडीत केळीच्या बागेत भरीत व्हायचं आणि ते करायच्या जीवरामभाऊंच्या सासूबाई, झुंबरबाई. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजायची, बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात, मिरची-लसणाबरोबर ठेचायची, वरून कांद्याची पात आणि शेंगदाणे. तीस वर्षं त्या बडगीला दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. पण हल्ली म्हातारीच्या डोळ्यांत पडदा आला होता. दिवाळीत वरणात मीठ दोनदा पडलं. तेव्हापासून घरात कुजबुज चालू होती, की आता सूनबाईंनी, बेबानं, चूल हातात घ्यावी. कुजबुज म्हातारीच्या कानावर जात होती. ती एवढंच म्हणायची, "माह्या हाताले चव हाये का नही, ते जावईबापूले इचारा. नऊ पुऱ्या खाऊन उठतो तो मानूस! चव नसती तं खाल्ल्या असत्या?"

म्हातारीचा तेवढाच एक साक्षीदार होता आणि त्यालाही याचा पत्ता नव्हता.

रिवाजाप्रमाणे पहिलं ताट जावयाचं. जीवरामभाऊ केळीच्या पानापुढे मांडी घालून बसले. सासूबाई स्वतः वाढायला, मेव्हणा कौतिक पाण्याचा तांब्या घेऊन बाजूला, बेबा कढईपाशी. एक पुरी, दोन पुऱ्या, पाच, सात. भरीत असं झणझणीत, की भाऊंच्या कपाळावर घाम आला आणि नाकातून पाणी. आठवी पुरी संपली. सासूबाईंनी नववी पुढे केली, आणि जीवरामभाऊंनी पानावर आडवा हात धरला.

"बस."

सगळे थांबले. गेल्या चौदा वर्षांत हा शब्द त्या तोंडातून कोणी ऐकला नव्हता.

"घ्या ना," सासूबाई म्हणाल्या.

"नको. खरंच बस."

कौतिकचा चेहरा पडला. त्या भागात जावयानं भरल्या पानावर 'बस' म्हणायचं म्हणजे तो रुसला, दुसरा अर्थ नाही! आता कशावरून रुसला एवढंच शोधायचं असतं. कौतिकला ते लगेच सापडलं. दिवाळीत तो गमतीत बोलून गेला होता, की दाजी येणार म्हटलं की आमच्याकडे कणीक दोन पराती मळावी लागते.

"दाजी, चुकलं माझं! जिभेला हाड नसतं. ते मनात धरू नका!"

"काय धरू नको? अरे, मी संकल्प केलाय."

"बघ!" कौतिक बायकोकडे वळला. "संकल्प केलाय! आपल्याकडं न जेवायचा!"

"अगं मंदा, सांग ना यांना!"

मंदाताईंनी मोकळेपणानं सांगितलं, नवं वर्ष, पेपरची पुरवणी, पॅन्टचं बटण, सगळं. कोणाचाही विश्वास बसला नाही. नवऱ्याची बाजू घेते बिचारी, असंच सगळ्यांना वाटलं. कौतिक शेजारच्या बागेकडे पळाला आणि उखर्डू आबांना घेऊन आला. आबा म्हणजे झुंबरबाईंचे दीर, गावातले रुसवे काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ते येऊन जीवरामभाऊंच्या समोर उकिडवे बसले.

"बोला पाहुणे. काय सोडलं म्हनता?"

"एक पुरी, आबा."

"सगळ्या पुऱ्या?"

"नाही नाही. एकच. नववी."

आबांनी बराच वेळ विचार केला. "मी चहा सोडला तं सोडला. वीस वर्षं झाले, कपाले हात नही लावला. त्याले म्हनते संकल्प. आठ खाऊन एक सोडाची, हे देवाले सांगाले बी लाज वाटीन! हा संकल्प नही पाहुणे, हा रुसवा हाये."

"आबा, हळूहळू सवय..."

"कौतिक, टावेल-टोपी आन!"

टॉवेल-टोपी आली. हात भरितानं बरबटलेले, तोंड तिखटानं लाल, अशा अवस्थेत जीवरामभाऊंच्या डोक्यावर कोरी करकरीत टोपी बसली आणि खांद्यावर टॉवेल पडला. नाही म्हणावं तर अपमान, हो म्हणावं तर रुसवा कबूल! कौतिक पाया पडायला वाकला. भाऊंना हसू आवरेना, आणि आता हसलो तर आणखी काहीतरी अर्थ निघेल म्हणून ते ओठ दाबून बसले. त्यामुळे चेहरा आणखीच रागीट दिसू लागला.

 या गडबडीत झुंबरबाई हातातल्या नवव्या पुरीकडे बघत उभ्या होत्या. मग त्यांनी पुरी परातीत ठेवली, पदराला हात पुसले आणि भरिताची पळी सुनेपुढे धरली.

"बेबा, घे माय. उद्यापासून चूल तुही."

"आत्या, असं काय करता?"

"उगी कोनावर रुसवा नका लादू. ते रुसले नही. माह्या हातचं आवडलं नही त्यायले, आन सांगता येत नही. येवढंच हाये." त्यांनी पळी सुनेच्या हातात कोंबली. "मीच म्हनत होती ना, जावईबापूले इचारा? झालं इचारून."

जीवरामभाऊंनी पानावरचा आडवा हात काढून घेतला. ते इतके दिवस समजत होते, की हा मामला त्यांच्यात आणि त्यांच्या पोटात आहे. सवयीला पत्ता लागू द्यायचा नाही म्हणून इतकी काळजी घेतली, पण त्या नवव्या पुरीवर एक म्हातारी आपलं सगळं अवसान टेकवून उभी आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"वाढा!" ते ओरडले. "कोण म्हणतं आवडलं नाही? वाढा म्हणतो ना!"

नववी गेली. दहावी गेली. अकरावीला डोळे पांढरे झाले, पण गडी थांबला नाही. तेरावी तोंडात कोंबत त्यांनी जाहीर केलं, "सासूबाई, असं भरीत तुम्हीच करावं! आणि मीठ तर काय बेताचं पडलंय! वा!"

म्हातारीचा चेहरा खुलला. आबांनी मिशीला पीळ दिला. एक रुसवा निघाला! पुरुषांची पंगत बसली. कौतिकनं पहिला घास घेतला, थांबला, आबांकडे पाहिलं. आबांनी घास घेतला आणि केळीच्या घडाकडे बघू लागले.  जावयानं एवढी वाहवा केल्यावर बोलणार कोण! सगळे मुकाट्यानं जेवून उठले.

मग बायका बसल्या. झुंबरबाईंनी पहिला घास तोंडात घातला.

"अगं बाई! याच्यात मीठच नही!"

सगळ्यांनी खाली माना घातल्या. म्हातारीच्याही ध्यानात आलं. दोनदा पडू नये, दोनदा पडू नये, म्हणून इतकी धास्ती घेतली होती, की एकदाही पडलं नव्हतं. त्यांनी मान वर करून जावयाकडे पाहिलं. डोळे भरून आले होते.

"जावईबापू, माह्यासाठी खोटं बोलले तुम्ही? इतकं अळणी, तेरा पुऱ्या खाल्ल्या माह्यासाठी?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. चौदा वर्षांची अब्रू त्या एका अक्षरात राहिली असती. पण जीवरामभाऊंच्या पोटात तेरा पुऱ्या होत्या, आणि तेवढ्या पुऱ्यांवर माणसाला चटकन खोटं सुचत नाही.

"नाही हो," ते म्हणाले, "मला कळलंच नाही."

"आज नही कळलं?"

भाऊंनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं.

"का कधीच नही कळत?"

भाऊंनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. झुंबरबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. वाईट वाटलंच त्यांना, का नाही वाटणार! "चौदा वर्षं," त्या हळूच म्हणाल्या, "चौदा वर्षं मी बहिऱ्याले गानं ऐकवलं म्हना की." मग त्या एकदम हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. हसता हसता त्यांनी बेबाच्या हातातली पळी काढून घेतली.

"आन ते इकडं! मीठ नही ते कळलं कोनाले? मलेच ना? बाकीचे तं मुके बसले. डोये गेले आसतीन, जीभ हाये ना शाबूत! मीठ तू टाकत जाय बेबा, चाखून मी पाहीन. झालं!"

त्या वर्षीचे सगळे संकल्प फेब्रुवारी लागायच्या आत बुडाले. म्हातारीचा हा चाखून बघण्याचा एक तेवढा टिकला, आणि तो करणारीला त्याला संकल्प म्हणतात हे माहीतही नव्हतं.

परतीच्या एस्टीत जीवरामभाऊ खिडकीला डोकं टेकून, पोटावर हात ठेवून बसले होते. सावद्याचा स्टँड मागे पडला. मग म्हणाले, "मंदा, कमी-जास्त राहू दे. उद्यापासून पहिला घास सावकाश चावायचा, चव घेऊन. एकच घास. जमेल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखर तसं केलं. भाताचा पहिला घास डोळे मिटून चावला, पुन्हा चावला आणि चकित होऊन डोळे उघडले.

"अगं, आमटी फार सुरेख झालीय! आज काय घातलंस?"

मंदाताईंचा वाढता हात थांबला.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून अशीच करते."