स्वतःच्याच नावाचं रजिस्टर

देवळाली प्रवरेच्या मच्छिंद्रने सिनेमाची पटकथा लिहून पुरी केली, तेव्हा त्याला एकच धास्ती होती. मुंबईच्या निर्मात्याला पाठवली आणि त्याने चोरली तर? नगरच्या एका नाटकवाल्याने उपाय सांगितला.

"लाख लावून पाकीट बंद कर आन् स्वतःलाच रजिस्टर धाड. आलं की फोडायचं न्हाई. उद्या भांडन झालं, तर पोस्टाचा शिक्का हाच पुरावा."

मच्छिंद्रने तसेच केले. घरी सांगायचे तेवढे राहिले.

तिसऱ्या दिवशी तो साखर कारखान्यात कामावर असताना पोस्टमन बाबाजान दारात आला. त्या काळी पत्र देणे हे पोस्टमनचे अर्धेच काम असे. वाचून दाखवणे हे उरलेले अर्धे.

"रजिस्टर? कोर्टाची नोटीस आसंल," मच्छिंद्रची आई लंकाबाई घाबरली. "वाच बाबा आधी."

सून चांगुणाने अंगठा दिला. बाबाजानने लाख फोडली, चष्मा पुसला आणि सुरुवात केली.

"कारभारी पाटील विहिरीत पडले आहेत. गर्दी जमली आहे."

लंकाबाईच्या कोपरगावच्या थोरल्या भावाचे नाव कारभारीच! तिने असा हंबरडा फोडला की अंगणात खरोखरच गर्दी जमली. पुढचे वाक्य बाबाजानला ओरडून वाचावे लागले.

"पाटील विहिरीतून वर येतात आणि गाणे म्हणतात!"

लंकाबाई रडता रडता थांबली. "गानं? आमच्या दादाला आरतीसुदीक येत न्हाई."

मग कोणी उठलेच नाही. बाकीचे टपाल थैलीतच राहिले.

संध्याकाळी मच्छिंद्र सायकलवरून उतरला, तेव्हा शेवटचे पान चालू होते.

"चाचा, पाकीट फोडलं? घात केला माझा!"

"घात तू केलास," लंकाबाई डोळे पुसत म्हणाली. "त्या गरीब पोरीला शेवटी कशापायी मारली रं?"

मच्छिंद्रने शेवट बदलला, नव्या पाकिटाला दुप्पट लाख लावली आणि पाकीट यायच्या दिवशी रजा टाकून स्वतः दारात बसला.

बाबाजान आला, पण एकटा नाही. मागे सगळी आळी होती, बसायला पोती घेऊन.

"सही कर," बाबाजान म्हणाला. "मी हात लावनार न्हाई. सरकारी मानूस हाय मी."

मच्छिंद्रने पाकीट छातीशी धरले. आळी पोती अंथरून बसली. शेवटी चांगुणाने दाराआडून विचारले, "पोरगी जगली का वो?"

मच्छिंद्रने तिच्याकडे पाहिले. मग पोत्यांवर बसलेल्या चाळीस माणसांकडे पाहिले.

"चाचा," तो म्हणाला, "चष्मा पुसा." आणि लाख त्याने स्वतःच फोडली.