परत फिरल्याचे पेढे

जर्मनीतलं आमचं वोल्फ्सबुर्ग पोळपाटासारखं सपाट आहे. चढ म्हणाल तर पार्किंगच्या इमारतीचा रॅम्प. अशा गावात आमचे शेजारी दामले पाऊल टाकण्याआधी काठीने फुटपाथ ठोकून बघतात. बर्फ पडला असेल तर दोनदा.

"सपाट दिसतं तिथेच खाली भेग असते," ते सांगतात. आमच्या गल्लीत आजवर कोणी भेगेत पडलेलं नाही. दामल्यांच्या मते म्हणूनच लोक गाफील आहेत.

ते मोटारींच्या ब्रेकची चाचणी करतात आणि तळमजल्यावर एकटे राहतात. मी चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. माझ्याकडे येताना ते दुसऱ्या मजल्यावर थांबून पाणी पितात. "शरीराला उंचीची सवय होऊ द्यावी." गणपतीच्या जेवणाला माझ्या बायकोचं डोकं दुखू लागलं, तर "वहिनी, आधी खाली चला," म्हणत दामल्यांनी तिला तळमजल्यावर नेऊन बसवलं. गोळी दिली नाहीच. "गोळीने डोकं दुखायचं थांबतं, उंची कमी होत नाही." वर पंगत खोळंबली.

रविवारी ते माझ्या कमरेला दोर बांधून मला पार्किंगमध्ये फिरवतात. एका जर्मन आजीने मला मदत हवी आहे का, असं विचारलं. मी हो म्हणणार होतो.

हा सगळा खटाटोप लेकीसाठी. इरा म्युनिकला असते आणि सुट्टीत लडाखच्या हिमनद्यांवर जाते. मराठी तिला कळते, पण उत्तर जर्मनमध्ये येतं, तेही "आलेस गूट, बाबा," म्हणजे सगळं ठीक, एवढंच. दामल्यांनी हिमनदी कधी पाहिलेली नाही. पण ते दोर, गाठी, बर्फाखालच्या भेगा शिकले आणि फोन लांबू लागले. या वेळी त्यांनी तिच्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली: ठरलेली वेळ झाली की, शिखर हातभर राहिलं तरी, मागे फिरायचं.

मग ती वर गेली आणि फोन लागेना. त्या आठवड्यात दामले काठी न घेताच चालत होते. मला त्यांची फार काळजी वाटली.

शनिवारी बेल वाजली. दारात दामले, धापा टाकत, हातात मिल्क पावडरच्या पेढ्यांचा डबा. दुसऱ्या मजल्यावर थांबलेच नव्हते.

"पोचली शिखरावर?" मी विचारलं.

"छे हो. थोडक्यात राहिलं. वेळ झाली, सोबतच्या सगळ्यांना घेऊन मागे फिरली." मग डबा माझ्या हातात देत म्हणाले, "फोनवर म्हणाली, 'बाबा, मी मागे फिरले.' मराठीत म्हणाली."

त्यांचे डोळे भरून आले होते. "उंचीमुळे होतं असं," ते म्हणाले.

"मग आधी खाली चला, भाऊजी," असं म्हणून बायकोने चहाचं पातेलं उचललं, आणि आम्ही दोघं त्यांच्यासोबत खाली गेलो.