आठवा काप

"खोटं जिभेवर आलं ना, की आधी घोटभर पाणी पी. पाणी पोटात जाईपर्यंत खरं काय ते आठवतं."

आईनं हे सांगितलं तेव्हा बाई नऊ वर्षांच्या होत्या. आता त्यांची पन्नाशी जवळ आली होती, पण नेम सुटला नव्हता. रोज सकाळी देवापुढे हात जोडायचे, 'आज खोटं बोलणार नाही' एवढं एकच वाक्य म्हणायचं आणि पाण्याची बाटली खांद्याला लावून शाळेत निघायचं. शाळेत त्यांना बाटलीबाई म्हणत. नव्यानं आलेल्या कारकुनाचा या नावावरून काही दिवस भलताच गैरसमज झाला होता.

शाळा सुटल्यावर बाई तासभर जादा वर्ग घेत. गणितात ज्यांची गाडी चिखलात रुतली होती अशी अकरा मुलं त्यात होती. सगळ्यांत हळू लिहिणारी ती गोगलगाय. वर्षभरात ज्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता तो घुम्या. बाक दिसला की ज्याचे डोळे मिटत तो कुंभकर्ण. ही नावं मुलांनीच एकमेकांना ठेवली होती आणि हाक मारली की जो तो 'ओ' देत असे.

या मुलांचं मन कशात रमतं, हे शोधायचा बाईंना ध्यास होता. त्यासाठी त्यांनी एक वही ठेवली होती आणि नेमामुळे तीत सगळं खरंच लिहावं लागे. 'रंगीत कार्डं : पंधरा मिनिटं बरी गेली, मग कार्डांची विमानं झाली.' 'पाढ्यांचं गाणं : चाल सगळ्यांना पाठ, पाढा कुणालाच नाही.' 'बाहुली : कुंभकर्णानं उशाला घेतली.'

अशात एके दिवशी मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावलं.

"बाई, सोमवारी खात्याच्या मॅडम तुमचा जादा वर्ग बघायला येताहेत. मुलं बोलली, सहभागी झाली, तर वर्ग चालू. नाही तर बंद. त्या खोलीत मोडकी बाकं ठेवायची म्हणताहेत."

"आणि मुलं कुठे ठेवायची, सर?"

"आहेत तिथेच. त्याच इयत्तेत."

बाईंनी आपली वही छातीशी घट्ट धरली.

"घाबरू नका," मुख्याध्यापक म्हणाले. "मॅडमनी स्वतः कृतींचं पुस्तक लिहिलंय. त्यातलीच एक कृती घ्या. स्वतःच्या पुस्तकाला कोण नावं ठेवतं?"

बाईंनी पान बावीसवरची कृती निवडली. आठ मीटर दोरखंड घ्यायचा आणि त्याचे एकेक मीटरचे तुकडे करायचे. एकदा कापायला दोन मिनिटं लागतात, तर सगळे तुकडे व्हायला किती वेळ लागेल? उत्तर पानाच्या तळाशी छापलेलं होतं : सोळा मिनिटं. आठ दुणे सोळा. छापील उत्तर तपासून बघावं, असं बाईंच्या मनातही आलं नाही. पुस्तकावर त्यांची श्रद्धाच होती.

सोमवारी मॅडम आल्या. मागच्या बाकावर बसल्या, मांडीवर फाईल ठेवली. मुख्याध्यापक खिडकीच्या पडद्याला खेटून उभे राहिले. बाईंनी गणित सांगितलं, फळ्यावर ८ × २ = १६ असं सुबक अक्षरात लिहिलं आणि कापायला गोगलगायीला पुढे बोलावलं. वेळ सगळ्यांना मोजता यावा म्हणून त्यांनी मुद्दाम हळू हात निवडला होता. शाळेची कात्री इतकी बोथट होती, की एका कापाला खरंच दोन मिनिटं लागत.

पहिल्या तीन कापांत काही घडलं नाही. कुंभकर्णाची मान कलली. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, तसं मुख्याध्यापकांनी बाईंकडे पाहिलं. गोगलगाय मात्र जीभ बाहेर काढून कापत राहिली, आणि एकदाची थांबली.

"बाई, झालं."

"अगं, अजून एकदा कापायचंय. सातच झाले."

"कशाला कापू? तुकडे आठ झाले."

"आठ तुकडे म्हणजे आठ काप, बाळ," मागून मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. "नीट मोज बरं."

"मोजलं, मॅडम. सात वेळा कापलं. आठवा आपोआपच राहिला."

"खाली बस," मुख्याध्यापक दातांच्या फटीतून म्हणाले.

गोगलगाय बसली नाही. तेवढ्यात कोपऱ्यातून एक घोगरा आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. घुम्या बोलत होता.

"दोरीत काहीतरी घोळ असेल. कागद कापून बघू."

त्यानं मुख्याध्यापकांच्या काखेतलं वर्तमानपत्र ओढलं. सरांचं ते अजून वाचून व्हायचं होतं. आठ पट्ट्या झाल्या, काप सातच. "पेपर मऊ असतो," कुणीतरी शंका काढली, म्हणून खडू मोडले. आठ तुकडे, सात वेळा मोडले. मग मोजायची फीत गेली. मग मॅडमच्या फाईलची नाडी गेली. मॅडम "अरे, अरे" म्हणेपर्यंत आठ तुकडे टेबलावर मांडून झाले होते. कुंभकर्ण डोळे टक्क उघडे ठेवून बाकावर चढला, म्हणाला, "लांब दोरीवर बघू या," आणि त्यानं पडद्याची दोरी कापली. पडदा धप्पकन मुख्याध्यापकांच्या डोक्यावर आला.

"बसा खाली! सगळे बसा!" पडद्याच्या आतून आवाज आला.

कुणी बसलं नाही. अकराच्या अकरा जण उभे होते, एकमेकांना ढकलत मोजत होते, "माझे पण सात!" म्हणून ओरडत होते. खोलीची दैना झाली होती आणि बाईंना लाजेनं मान खाली घालावीशी वाटायला हवी होती. पण त्यांची छाती अशी भरून आली होती, की मान खाली जाईचना.

मॅडम उठून फळ्याजवळ आल्या. चेहरा लाल झाला होता.

"छान हं, बाई," त्या हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "मुलांनी विचार करावा म्हणून तुम्ही मुद्दाम चुकीचं लिहिलंत. हो ना?"

पडद्यातून बाहेर आलेलं मुख्याध्यापकांचं तोंड जोरजोरात 'हो' म्हणत होतं. एक 'हो' म्हटलं की वर्ग वाचणार होता. बाईंनी बाटली उघडली. घोटभर पाणी प्यायल्या. भागलं नाही, म्हणून आणखी एक घोट घेतला. तिसऱ्या घोटाला बाटली संपली.

"नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "मी खरंच चुकले. पुस्तकात सोळा होतं, मी डोळे मिटून उतरवलं. चूक हिनं पकडली."

"कोणत्या पुस्तकात?"

"तुमच्या. पान बावीस."

मुख्याध्यापक पुन्हा पडद्यात गेले.

मॅडमनी गोगलगायीच्या हातातून कात्री घेतली, दोरखंडाचा एक तुकडा उचलला आणि स्वतः कापायला बसल्या. मुलं भोवती गोळा झाली. "मॅडम, असं धरा." "मॅडम, जोर लावा ना!" "ती कात्री उलटी आहे, मॅडम!" सातव्या कापाला त्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी तुकडे मोजले. पुन्हा मोजले.

"बारा हजार प्रती गेल्यात हो या पुस्तकाच्या," त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या, आणि पदरानं तोंड झाकून हसायला लागल्या.

वर्ग चालू ठेवावा, असं त्यांनी तिथेच लिहून दिलं. फाईल हातात धरून नेली, कारण बांधायला नाडी उरली नव्हती.

बाईंनी वहीत लिहिलं : 'मोठ्यांची खरीखुरी चूक : अकराही जागे. घुम्या बोलला.'

सगळे गेल्यावर गोगलगाय दप्तर घेऊन रेंगाळली.

"बाई, उद्या परत चुकाल?"

"मुद्दाम चुकणं म्हणजे खोटंच की गं."

"मग?"

बाईंनी जरा विचार केला. "मला खरंच येत नाही असं काहीतरी पुढच्या सोमवारी घेऊन येईन. तुम्ही मला शिकवा."

"नक्की?"

"नक्की."

"आणि आम्ही ओरडलो तर 'गप्प बसा' म्हणायचं नाही हं!"

खात्यात कागद हलायला एरवी महिने लागतात. पण शुक्रवारी परिपत्रक आलं. सर्व शिक्षकांनी दर आठवड्याला वर्गात एक चूक करावी, ती आगाऊ ठरवावी, चूक-नोंदवहीत लिहावी आणि मुख्याध्यापकांची मंजुरी घ्यावी. शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या सरांनी लगेच मंजूर चूक केली. पाच अधिक पाच अकरा. मुलं जांभया देत म्हणाली, "सर, आज तुमची पाळी वाटतं?"

"बाई, तुमची चूक लिहून द्या," मुख्याध्यापकांनी नोंदवही पुढे सरकवली. "आणि जरा बेतानं. पडदा नवा लावलाय."

बाईंना काय काय येत नाही, याची त्यांनी मनातल्या मनात यादी केली. मग आपले विद्यार्थी शाळेच्या फाटकातून कसे सुसाट आत शिरतात ते त्यांना आठवलं. त्यांनी रकान्यात एकच शब्द लिहिला : सायकल.

"ही कसली चूक?"

"होईल, सर. चांगल्या दहा-बारा होतील."

सोमवारी सकाळी त्यांनी हात जोडले, आपलं ते एक वाक्य म्हटलं आणि पदर कमरेला खोचला. यजमान चहाचा कप घेऊन दारात आले, तेव्हा बाई त्यांच्या जुन्या सायकलवरची धूळ पुसत होत्या.

"अगं, पण तुला येते कुठे?"

"नाही येत ना. म्हणून तर नेतेय."

"पडलीस म्हणजे?"

"अकरा जण आहेत उचलायला," बाई म्हणाल्या.

त्यांनी आवाज न करता फाटक उघडलं, दोन्ही हातांनी सायकलचं हँडल घट्ट धरलं आणि रस्त्याच्या कडेनं सायकलबरोबर चालत शाळेच्या दिशेनं निघाल्या. उतारावर सायकल जरा पुढे धावू लागली. त्याही चार पावलं तिच्यामागे धावल्या, कुणी पाहिलं का ते पाहिलं, आणि पुन्हा चालू लागल्या.